शालनच्या हातावरचे डाग

माझ्या मंदाचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. तिचे वडील जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. घरात दोन माग होते. एक माझा दीर मल्हारी चालवायचा, दुसऱ्यावर गडी होता. मल्हारीची बायको शालन आणि मी दोघी मिळून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो. मी विधवा, त्यामुळे मंदाचं कन्यादान मल्हारी आणि शालननं करायचं, हे सुपारी फुटली तेव्हाच ठरलं होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी बायाक्का कासारीण मांडवात सतरंजी टाकून बसली. पुढ्यात दोरीत ओवलेल्या हिरव्या बांगड्या. नवरीचा चुडा आधी भरायचा असतो, पण मंदा हट्टाला पेटली.

"काकूनं भरल्याबगार मी हात पुढं करायची न्हाई," ती म्हणाली. "उद्या मला द्यायला तीच बसणार. तिचा हात रिकामा कसा?"

"रिकामा कुठाय? चार हाईत की," शालन म्हणाली.

"चार बांगड्यांवर कन्यादान? लोक काकाला चिक्कू म्हणतील."

"काका हायेच चिक्कू," कुणीतरी मागून म्हणालं आणि बायका हसल्या.

नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन दोघी आल्या होत्या, नवऱ्याची मावशी आणि आत्या. त्याही हसल्या. शालनला मग उठता येईना. ती बायाक्कासमोर येऊन बसली. भर वैशाखात तिनं लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. मला ते सकाळीच दिसलं होतं, पण लग्नघाईत कोण विचारतो.

"बाही सार वर," बायाक्का म्हणाली. "सोनं लपीवलंयस का आत?"

"राहू दे मावशे. खालीच भर."

"खाली डझन कशी बसंल? आण हिकडं."

बायाक्कानं तिचा हात धरला. कासारणीनं एकदा हात धरला की बाई तो ओढून घेत नाही. ओढाओढीत बांगडी वाढली तर लग्नघरात ते बरं नव्हे. शालननं हात ढिला सोडला. बायाक्कानं अंगठ्यानं बाही वर सारली, मग दुसऱ्या हाताचीही.

दंडापासून मनगटापर्यंत निळेकाळे डाग होते. काही बोटाच्या पेराएवढे, एक तळहाताएवढा. काही ताजे, जांभळासारखे. काही पिवळे पडत चाललेले.

मांडवातलं बोलणं थांबलं. बायाक्कानं सगळा जन्म बायकांचे हात दाबण्यात घालवला होता. कुणाच्या हातावर काय दिसलं ते ती कधी बोलायची नाही. अशा हाताला ती फक्त एक माप मोठं घ्यायची, म्हणजे जोर लावावा लागत नाही. तिनं शालनचा हात मांडीवर ठेवला, मागे वळली आणि मोठ्या मापाची दोरी सोडली. घरोघरच्या बायका तिच्या ओळखीच्या. ती दोरी बघून ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

"हे काय गं बाई?" नवऱ्याच्या मावशीनं विचारलं.

"मागाचा दांडा लागला," शालन म्हणाली.

"दोन्ही हातांना?"

शालननं बांगडी चढावी म्हणून बोटं मिटली.

मांडवाच्या तोंडाशी तिचा भाऊ हणमंत उभा होता. तो कडेगावच्या बाजूला वडापची, गावोगावचे प्रवासी भरून नेणारी जीप चालवायचा. बहिणीसाठी आहेराचं लुगडं आणि मेहुण्यासाठी टोपी-टॉवेल घेऊन तो नुकताच उतरला होता, पिशवी अजून काखेतच होती. शालनच्या दोन्ही हातांना डझन-डझन बांगड्या भरून होईपर्यंत तो तसाच बघत राहिला. मग पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "अक्का, दाजी कुठं हाईत?"

मल्हारी मागच्या शेडात आचाऱ्याला लाकूड काढून देत होता. मला हणमंताच्या चेहऱ्याची भीती वाटली, म्हणून मीही मागोमाग गेले.

"दाजी, शालीच्या हाताला काय झालंय?"

मल्हारीनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "लागलंय."

"कशानं?"

"हणमंत, लग्नघर हाय. लग्न उरकू दे, मग सांगतो सगळं."

"सगळं नको. तुम्ही मारलं का न्हाई, तेवढं सांगा."

मल्हारीनं तोंड उघडलं. तेवढ्यात नवऱ्याची आत्या हातपाय धुवायला पाणी मागत दारात आली. तो तिच्याकडे बघत राहिला. ती तांब्या घेऊन गेल्यावरही दाराकडेच बघत होता.

"मग सांगतो," तो म्हणाला.

"कळलं मला," हणमंत म्हणाला.

तो तसाच मांडवात गेला आणि शालनला बाजूला घेतलं. मी जवळच होते.

"शाले, मारतो का तुला?"

"न्हाई दादा."

"खरं सांग."

"तुझ्या गळ्याची आण. न्हाई मारत."

"आईबी असंच म्हणायची," हणमंत म्हणाला. "शेवटपर्यंत हेच म्हणत गेली."

तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. मल्हारीनं बायकोवर हात उगारलेला मी कधी ऐकला नव्हता. पण घर एक असलं तरी खोल्या वेगळ्या होत्या, आणि माग चालू असले की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही. माझे मालक मला मारायचे. पहिली पाच-सहा वर्षं. एकदा कानातून रक्त आलं तेव्हा मी माहेरी गेले. माझ्या भावानं तीन दिवस ठेवून घेतलं, लुगडं नेसवलं, ओटीत नारळ घातला आणि स्वतः आणून सोडलं. "नांदायचं तर सोसायचं," म्हणाला. सगळ्यांचे भाऊ तसंच करतात. हणमंताकडे बघून मला वाटलं, हा तसा नाही. आणि मल्हारीवरचा माझा विश्वास थोडा हलला, हेही खरं.

हणमंतानं तमाशा केला नाही. त्यानं लग्न होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी मल्हारी आणि शालननं पाटावर बसून माझ्या मुलीचं कन्यादान केलं. शालन खाली मान घालून पाणी सोडत होती, बांगड्या मनगटावरून कोपराकडे आणि कोपराकडून मनगटाकडे सरकत होत्या. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, संध्याकाळी मंदाची गाडी वाटेला लागली. गाडी वळणाआड गेली आणि हणमंतानं मल्हारीच्या कानाखाली मारली. एक, मग आणखी एक. नवी टोपी, जी त्यानंच आणली होती, ती खाली पडली. मल्हारीनं हात वर केला नाही.

"उभा का राहतोयस?" हणमंत म्हणाला. "बाईमाणसापुढंच चालतो का हात?"

"तिला नेऊ नको," मल्हारी म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

"आता पाया पडतोस? तिच्या अंगावर पुन्हा एक डाग जरी दिसला ना, तर तुझे हात कोपरापासून उतरवीन. मग जन्मभर जेलात बसायला तयार हाय मी."

शालन रडत नव्हती. तिच्या लेकीला, सात वर्षांच्या सुलभाला, तिनं पोटाशी धरलं. हणमंतानं दोघींना जीपमध्ये बसवलं. कपड्यांची पिशवी लग्नाला आलेल्या त्याच्या बायकोनं घाईघाईनं भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सोडणारे आले तरी मल्हारी खोलीतून बाहेर आला नाही. मी चहा घेऊन गेले. तो ट्रंकेपुढे बसला होता, हातात गोळ्यांची दोन पाकिटं.

"वैनी, ह्या इथंच राहिल्या."

"कसल्या हाईत?"

त्यानं सांगितलं. दीड वर्षापूर्वी शालनचा पोटातला मुलगा गेला होता, सातव्या महिन्यात. त्यानंतर ती भिंतीला टेकून बसून राहायची. जेवायची नाही. सुलभा समोर रडत असली तरी तिला दिसायची नाही. बायका म्हणाल्या बाहेरचं आहे. मी स्वतः तिला दोन ठिकाणी दाखवून आणलं होतं. मग हळूहळू ती उठली, कांड्या भरू लागली, मंदाच्या लग्नाच्या कुरडया तर तिनंच केल्या. मला वाटलं काळ गेला, माणूस सावरलं.

"काळानं न्हाई," मल्हारी म्हणाला. "ह्या गोळ्यांनी. मिरजेला डोक्याचा डॉक्टर हाय. सुताच्या कामाला जातो म्हणून तिला घेऊन जायचो ना मी, ते तिकडं."

"आणि डाग?"

"गोळीचं. काही जणांच्या अंगाला असं होतंय म्हणाले डॉक्टर. रक्त पातळ होतंय. नुसतं दाराला घासलं तरी निळं. त्यात ही कंबरेसाठी दुकानातनं दुखायच्या गोळ्या आणून खायची, त्यांनी आणखी वाढलं. डॉक्टर म्हणाले, वाढलं तर लगेच घेऊन या, गोळी बदलून देतो. पण मनानं बंद करू नका. मी म्हटलं, लग्न उरकलं की जाऊ."

"मग परवाच का न्हाई सांगितलंस? मार का खाल्लास?"

"हळद घेऊन आलेल्या बाया दारात उभ्या होत्या, वैनी. कन्यादानाला बसणारी बाई डोक्याच्या डॉक्टरकडं जाती म्हटल्यावर हळद तिथनंच माघारी गेली असती. घरात वेड हाय म्हणाले असते. मंदाला कुणी करून घेतलं असतं मग?"

"आणि काल संध्याकाळी? गाडी गेल्यावर?"

"तेव्हा सगळा गाव उभा होता. मंदाला सासरी जाऊन तास झाला नव्हता."

मी पाकीट हातात घेतलं. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. चंदेरी कागदाखाली हिरव्या-पांढऱ्या, कुप्यांसारख्या गोळ्या होत्या, इतक्या छोट्या की हसू यावं.

मल्हारी दोनदा हणमंताच्या गावी गेला. पहिल्यांदा हणमंतानं त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा एसटीतून उतरूच दिलं नाही. मध्येच कधीतरी वडापवाल्यांकडून निरोप आला: "दाजीला सांगा, महिना झाला, बहिणीच्या अंगावर एक डाग राहिलेला न्हाई. आता तरी कबूल व्हा म्हणावं."

पेठेत हे सगळ्यांना कळलं. मल्हारी सूत आणायला गेला की दुकानदार बोलायचा थांबायचा. बायाक्का आमच्या दारावरून जाताना हाक देईनाशी झाली. मल्हारी कुणाला काही बोलला नाही. फक्त मिरजेला जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, दुसरी गोळी आहे, पण बाईला समोर आणा. आणि लवकर आणा.

आषाढात मी गेले. मला हणमंत अडवणार नाही हे माहीत होतं. गोळ्या मी कनवटीला लावल्या होत्या.

हणमंतानं पाणी दिलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. शालन सोप्यात तांदूळ निवडत होती. म्हणजे सूप मांडीवर होतं आणि हात तांदळात होता, पण हात हलत नव्हता. सुलभा तिच्या पाठीला टेकून बसली होती.

"अक्का, बघा," हणमंत म्हणाला. त्यानं स्वतःच बहिणीची बाही वर सारली. हात स्वच्छ होता. पहिल्यापेक्षा बारीक झाला होता. मंदाच्या लग्नातल्या बांगड्या कोपराच्या वर गेल्या होत्या. "ह्याला काय म्हणायचं? मागाचा दांडा माझ्या घरात न्हाई म्हणून डाग न्हाईत व्हय?"

मी त्याला सांगितलं. पोटातल्या मुलापासून डॉक्टरपर्यंत सगळं. कनवटीतलं पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते उचललं नाही.

"म्हणजे आधी मारायचं, आणि मग वेडी ठरवायचं," तो म्हणाला. "कोर्टात वेडीचा कागद दाखवला की सोडचिठ्ठी सोपी होती. आमच्या वाडीत झालंय हे. गोळ्या चारल्या, बाई झोपून राहिली, दुसरी आणली."

"मल्हारीला दुसरी आणायची असती तर त्यानं तुझा मार खाल्ला असता का?"

"मार खाणाऱ्याच्या मनात पाप असतंय म्हणून तो खातो."

"तिला विचार."

"तिला कशाला विचारायचं? नवऱ्यानं जाळली तरी स्टो भडकला म्हणणाऱ्या बाया बघितल्यात मी."

मग तो जीप पुसायला बाहेर गेला. मला वाटतं, मुद्दाम गेला. आम्हा दोघींना बोलू द्यावं एवढी समज त्याला होती.

"शालन, जेवतीस का?"

"जेवते की."

"खोटं बोलू नको. ही घे. आत्ता माझ्यासमोर घे."

तिनं पाकिटाकडे बघितलं. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

"नको अक्का."

"का?"

"घेतली की डाग येणार. डाग आला की दादा ह्यांचे हात तोडणार. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय." एवढं बोलून ती दमली. थोड्या वेळानं म्हणाली, "दादा वाईट न्हाई. आईला मारायचे तेव्हा तो लहान होता. तेव्हा त्याला काही करता आलं न्हाई."

"डॉक्टर दुसरी गोळी देतो म्हणालेत. डाग न येणारी."

"मग चला," ती म्हणाली, पण उठली नाही. सुपातला हातही हलला नाही.

मी बाहेर जाऊन हणमंताच्या पायावर डोकं ठेवलं. वयानं तो माझ्या लहान भावासारखा. तो दचकून मागे सरला.

"अक्का, काय करताय हे?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नको. मल्हारीवर ठेवू नको. तू स्वतः तिला मिरजेला ने. तू डॉक्टरला विचार. आम्ही कुणी येत न्हाई. तो जे सांगंल ते तुझं तू ऐक."

तो बराच वेळ फडकं पिळत राहिला.

"हे करीन," तो म्हणाला. "माझ्या कानांनी ऐकीन. पण पंचमी होऊ द्या. दहा वर्षांत बहीण पंचमीला माझ्या घरात न्हाई. दरवर्षी तुमच्याकडं सुताची घाई. झोका बांधलाय, लुगडं आणलंय. पंचमी झाली की दुसऱ्या दिवशी नेतो."

"आज ने. पंचमीला परत आण."

"पंधरा दिवसांचा प्रश्न हाय, अक्का. दवाखान्यात ठेवून घेतली तर? सणाला बहीण दवाखान्यात?"

त्याचा तो शब्द घेऊन मी निघाले. एसटीत मला बरं वाटत होतं. मल्हारीला सांगितलं तेव्हा त्यानं मिरजेचा पत्ता, डॉक्टरचं नाव, कुठल्या दारानं आत जायचं, सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं, हणमंताला निरोप देण्यासाठी. त्या रात्री तो पोटभर जेवला.

पंचमीच्या दिवशी सकाळीच हणमंत आला. जीप नव्हती, एसटीनं आला. माग बंद होते. मल्हारी शेडात नुसताच बसला होता, कारण पहाटेच निरोप येऊन गेला होता आणि आम्ही निघायच्या तयारीत होतो. हणमंत त्याच्यासमोर उभा राहिला.

"दाजी," तो म्हणाला, "कुठला डॉक्टर?"

मल्हारीनं सांगितलं.

दहावा-तेरावा झाल्यावर दोघं मिळून मिरजेला गेले. आत काय बोलणं झालं ते मल्हारीनं मला सांगितलं. डॉक्टरांनी जुना कागद काढून वाचला, डागांचं सांगितलं, गोळी थांबवली की डाग जातात हेही सांगितलं. हणमंतानं एकच विचारलं, "डाग गेले म्हणजे ती बरी होत न्हवती?" डॉक्टर नाही म्हणाले. येताना बसस्टँडवर हणमंत मल्हारीच्या शेजारी बाकड्यावर बसून राहिला. गाड्या लागल्या आणि गेल्या. कुणी कुणाची माफी मागितली नाही. सुलभा मात्र त्यानंतर आमच्याकडे राहिली, आणि तिच्या लग्नात कन्यादानाला हणमंत आणि त्याची बायको बसली.

मल्हारी सुलभाच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, माघात, झोपेत गेला. शालन गेली ती मंदाच्या लग्नाच्या वर्षी, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी बायका भावाचा उपास धरतात. तिनंही धरला होता. सकाळी न्हाऊन, हणमंताला ओवाळून ती मळ्यातल्या विहिरीकडे गेली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.